वीज गेली, छप्पर शाबूत, मग भरपाई?

ट्रलीत दुकान किंवा उपाहारगृह चालवणाऱ्या आपल्या मंडळींना २४ जानेवारी २०२५ चे एओविन वादळ आठवत असेलच. देशभरात ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली. छप्पर उडाले तर विमा कंपनी सहसा पैसे देते. पण छप्पर शाबूत, फक्त वीज नाही, फ्रीजरमधला माल नासला, चार दिवस गल्ला रिकामा, तर? साध्या पॉलिसीत धंदा बंद राहिल्याची भरपाई बहुधा स्वतःच्या जागेचे नुकसान झाले तरच मिळते. बाहेरचा वीजपुरवठा आणि नासलेला माल यांसाठी वेगळी कलमे जोडून घ्यावी लागतात.

आणि वीज वाऱ्यानेच जाते असेही नाही. मार्च १९८९ मध्ये सौरवादळामुळे कॅनडातील क्विबेक प्रांतात ६० लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. घरांचे एक कौलही फुटले नव्हते. (१८५९ च्या त्याहून मोठ्या सौरवादळाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे!)

माझे स्पष्ट मत, केवळ हप्ता कमी म्हणून पॉलिसी घेऊ नये. नूतनीकरणापूर्वी ब्रोकरला विचारा: जागेला धक्का न लागता वीज गेली, तर किती तासांनंतर, किती दिवसांपर्यंत आणि किती रक्कम मिळेल? उत्तर लेखी मागा.