फुलाला मत, पोराला इंग्रजी

२७ फेब्रुवारी आला की पेडणे-डिचोलीतल्या आपल्या सगळ्यांचे स्टेटस मराठीमय. फेटे काय, भाषणं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाड्यावर इंग्रजी शाळेची बस हॉर्न मारते आणि निम्मा वाडा तिच्यात चढतो. सरकारी मराठी शाळा पन्नास पावलांवर. पटावर मुलं किती, ते विचारू नका.

ह्याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं. मला ते पटत नाही. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात पेडण्याने विलीनीकरणाच्या फुलाला भरभरून मतं दिली. गोव्यात फूल १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ असं हरलं, पण आजोबांची निष्ठा खोटी नव्हती. फक्त मत देताना त्यांना एकट्याने काही गमवायचं नव्हतं. शाळा निवडताना बाप एकटा असतो. शेजाऱ्याचा पोरगा इंग्रजी बोलून मोपा विमानतळावर नोकरीला लागेल, माझा मागे राहील, ही भीती. मॅन्कर ओल्सनने १९६५ साली हेच मांडलं: फायदा सगळ्यांचा असला की झळ सोसायला एकटा कुणी पुढे येत नाही. (आणि इंग्रजी नको असं म्हणतंय कोण? प्रश्न पहिली ते चौथीचा आहे. पुढे हायस्कूल बहुतेक इंग्रजीतच.)

बापाची भीती समजते. पुढाऱ्यांची कसली भीती? २०११ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, केवढं आंदोलन पेटलं! २०१२ला सरकार बदललं, अनुदान चालूच. २०१७ला मगोने गोवा सुरक्षा मंचाशी युती करून निवडणूक लढवली. मंचाला भोपळा, मगोला पेडण्याची जागा. आणि निकालाला आठवडा व्हायच्या आत मगो पर्रीकरांच्याच सरकारात! पेडण्यात किती जणांनी जाब विचारला? आपण तेव्हा शाळकरी होतो. आता नाही.

माझा चुलतभाऊ यंदा पहिलीला. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘आणखी चार पोरं येत असतील तर घालतो मराठीत.’ म्हणून आम्ही वाड्यावरच्या पाच घरांशी बोलतोय: घालायची तर पाचही एकदम. दोघांनी हो म्हटलंय, एक घर अजून बायको-सासूत अडकलंय. तुमच्या वाड्यावर अशी यादी कोण करतोय?