डाव्या पायाची विश्रांती

चाळीस वर्षे क्लच दाबून, गिअर बदलून मोटार चालविलेल्या गृहस्थांना ‘बाबा, आता ऑटोमॅटिक गाडी घेऊ या’ असे मुलाने सुचविले, की त्यांच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म नाराजी उमटते. चालता येत असताना कोणी हातात काठी द्यावी, तसे त्यांना वाटते. खंबाटकीचा घाट आपण कोणत्या गिअरमध्ये चढत होतो, हे ज्यांना आजही पाठ आहे, त्यांना आपोआप गिअर बदलणारी गाडी म्हणजे कौशल्याचा अपमान वाटावा, हे स्वाभाविकच होय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा संवाद झाला असेल, किंवा लवकरच होईल. म्हणून आज या विषयाचा आरोग्याच्या अंगाने विचार करू.

प्रथम अभिमानाचा प्रश्न. ऑटोमॅटिक गाडी ही नवशिक्यांची किंवा वृद्धांची, ही समजूत इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेट ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार १९५३ साली आली, तेव्हा पहिल्या वर्षी तयार झालेल्या सर्व ३०० गाड्यांना दोन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच होता. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांनी फेरारीला विजय मिळवून दिला, तो स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या गाडीत. गाडी धावू लागल्यावर त्यांना क्लचचे पेडल दाबावे लागत नव्हते. आज जगातील बहुतेक वेगवान गाड्यांतून क्लचचे पेडल नाहीसे झाले आहे. तेव्हा डाव्या पायाला विश्रांती देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता गुडघ्याकडे वळू. शहरातील गर्दीत क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे आपण मोजत नाही. परंतु डावा गुडघा ते मोजत असतो. प्रत्येक वेळी घोटा, गुडघा आणि खुबा एकत्र काम करतात. सिग्नलपाशी अर्धवट दाबून धरलेला क्लच तर मांडीचे स्नायू सतत ताणलेले ठेवतो. संधिवात, कंबरेतून पायात उतरणारी कळ, डाव्या बाजूचा सौम्य अशक्तपणा, अशा स्थितीत ऑटोमॅटिक गाडी हा खराखुरा उपचारसाहाय्यक ठरू शकते. डाव्या गुडघ्याचे सांधारोपण झालेल्या व्यक्तीला अशी गाडी बहुधा लवकर चालविता येते. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र ब्रेक तत्काळ आणि जोराने दाबण्याची क्षमता परत येण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. नेमका दिवस शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावा, आणि गुंगी आणणारी वेदनाशामके चालू असेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये.

इथवर सारे सुखाचे आहे. परंतु या सोयीला एक धोक्याची बाजू आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

जुन्या गाडीत गडबड उडाली, तर आपले दोन्ही पाय नकळत खाली जातात. उजव्या पायाने चुकून ॲक्सिलरेटर दाबला, तरी डाव्याने क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन नुसते गुरगुरते आणि चाकांना जोर मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत हे संरक्षण नाही. तेथे पेडल दोनच: ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. शिवाय अनेक ऑटोमॅटिक गाड्या ब्रेक सोडताच स्वतःहून हळूहळू पुढे सरकतात. अनपेक्षितपणे सरकलेली गाडी थांबविण्यासाठी आपण पाय दाबतो. तो चुकीच्या पेडलवर असेल, तर गाडी उसळी मारते. आपण ब्रेकच दाबत आहोत अशी मनाची खात्री असल्यामुळे आपण आणखी जोराने दाबतो. क्षणार्धात अनर्थ घडतो.

जपानमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी मरण पावली. गाडीतच बिघाड होता, असे त्या वृद्धाचे म्हणणे होते. चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष न्यायालयाने २०२१ मध्ये काढला आणि पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ते गृहस्थ खोटे बोलत होते असे मानण्याची गरज नाही. आपण ब्रेकच दाबला, असे त्यांना मनापासून वाटले असणे शक्य आहे. ही चूक करणाऱ्याला चूक होत असताना ती कळत नाही, हेच तिचे भयंकरपण आहे.

ही चूक बहुधा वेगात असताना घडत नाही. ती गाडी उभी करताना, फाटकातून बाहेर काढताना, विशेषतः मागे घेताना घडते. मान आखडलेली असल्यामुळे मागे पाहण्यासाठी सारे धड वळवावे लागते, धडाबरोबर उजवा पायही सरकतो आणि ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर येतो. दीर्घकालीन मधुमेहामुळे तळपायांची संवेदना मंदावली असेल, तर पायाखाली कोणते पेडल आहे हे पायालाच उमगत नाही. अशा वाचकांनी हा विषय आपल्या डॉक्टरांकडे स्वतःहून काढावा. बहुतेक वेळा तो कोणी विचारीत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते सवयीचे आहेत. आपल्याकडे मोटारीच्या परवान्यात गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. त्यामुळे गाडी बदलताना नवी परीक्षा कोणी घेत नाही. ती आपणच घ्यावी. पहिले काही दिवस पहाटेच्या मोकळ्या मैदानात, शेजारी अनुभवी माणूस बसवून सराव करावा. डावा पाय मागे, डावीकडच्या पायटेकावर ठेवून द्यावा. तो सवयीने क्लच शोधू लागला, की रुंद ब्रेकवर आपटतो आणि गाडी जागीच थबकते. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवावी आणि केवळ चवडा वळवून ॲक्सिलरेटरकडे न्यावा. गाडी मागे घेताना पाय ब्रेकवरच ठेवून, दाब कमी करीत सरकावे. गाडी अनपेक्षितपणे पळू लागली, तर प्रथम दोन्ही पेडलांवरून पाय पूर्ण उचलावा आणि मगच ब्रेक दाबावा. हा क्रम रोज दोनदा, गाडी बंद असताना गिरवावा. पायात सपाता किंवा सैल चप्पल नको. मागे पट्टा असलेली, पातळ तळव्याची पादत्राणे हवीत.

गाडी निवडतानाही थोडे पाहावे. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून लहान गाड्यांत स्वस्त ऑटोमॅटिक गिअर रुळले. त्यांत आत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो. क्लच आणि गिअर यंत्र हाताळते. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर गाडी अडखळल्यासारखी वाटते. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी तो हेलकावा सोसतो का, हे आधी चालवून पाहावे. अशा अनेक गाड्यांत ‘पी’ हे उभे करण्याचे स्थानही नसते. तेथे गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढण्याची सवय अत्यावश्यक आहे. चढावर ब्रेक सोडताच गाडी मागे घरंगळते का, हेही विक्रेत्यासमोरच तपासावे.

आणि ज्यांच्या मनात निवृत्तीनंतर एखादी बुटकी, दिमाखदार स्पोर्ट्स कार घोळत असेल, त्यांनी गिअरपेक्षा आसनाचा विचार आधी करावा. खुब्याहून गुडघे वर जातील इतक्या खालच्या आसनातून उठणे आर्थ्रायटिसच्या गुडघ्यांना जड जाते आणि खुब्याच्या सांधारोपणानंतरच्या काळात तर ते टाळावयास सांगतात. खुर्चीच्या उंचीचे आसन उत्तम. आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावरच उठावे.

शेवटी काळजी घेणाऱ्यांसाठी. ऑटोमॅटिक गाडी गुडघ्याचे काम हलके करते. दृष्टी, विचाराचा वेग आणि स्मरण यांची उणीव ती भरून काढीत नाही. गाडीवर नवनवे ओरखडे दिसणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, मागच्या गाड्यांनी वारंवार हॉर्न वाजविणे, या खुणा दिसल्या तर चाव्या लपवू नका. वडीलधाऱ्यांशी एकांतात, नातवंडांसमोर नव्हे, बोला. ‘तुम्हाला आता जमत नाही’ असे न म्हणता ‘आज मी शेजारी बसतो, तुम्ही चालवा’ असे म्हणा आणि पाहा. कायद्यानुसार पंचावन्न वर्षांनंतर परवाना दर वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ती तपासणी केवळ सहीपुरती न उरकता खरोखर करून घेतली, तर घरातील निम्मे वाद मिटतील. कारण निर्णय मुलाचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

आणि गाडी थांबवावयाचीच झाली, तर भाजीमंडई, देऊळ, मित्राचे घर आणि दवाखाना येथे जाण्याची दुसरी सोय त्याच दिवशी ठरवा. जपानमध्ये १९९८ पासून स्वेच्छेने परवाना परत करता येतो, आणि तसे करणाऱ्या वृद्धांना अनेक ठिकाणी बसभाड्यात सवलत मिळते. त्यामागचा विचार घरोघरी घेण्यासारखा आहे: चावी मागावयाची असेल, तर हातात दुसरे काही ठेवूनच ती मागावी.