सागरतळीचे धन

मध्य हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, निकेल व कोबाल्ट यांनी युक्त असे बटाट्याएवढे गोळे विखुरले आहेत. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ मध्ये झालेल्या करारान्वये तेथील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे आले. परंतु तो अधिकार शोधाचा, उत्खननाचा नव्हे. शार्कच्या दाताभोवती वा खडकाच्या तुकड्याभोवती समुद्रजलातील धातूंचे थर बसत असा गोळा घडतो, आणि दहा लाख वर्षांत तो अवघे काही मिलिमीटर वाढतो! विद्युतघटांस कोबाल्ट हवे, हे आम्ही जाणतो. तथापि एकदा उपसलेले हे धन, आणि त्याच्या आधाराने जगणारे जीव, मनुष्याच्या कालगणनेत परत यावयाचे नाहीत. म्हणून यंत्रे उतरविण्यापूर्वी तेथील जीवसृष्टीचा अभ्यास पुरा व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.