गर्दींतील काटकसर

महाग मोटार घेतली कीं काटकसर आपोआप होते, हा पुष्कळांचा समज चुकीचा आहे. १९९७ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या ‘प्रियस’पासून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या, मोटारी प्रचारांत आल्या. जालन्याच्या मोंढ्यांत मालमोटारींमागें अडकलेली साधी गाडी उभ्याउभ्या पेट्रोल जाळते. हायब्रिडचें एंजिन बहुधा बंद राहतें, आणि वेग कमी करतांना चाकांची गति वीज होऊन बॅटरींत सांठते. परंतु पुढच्या गाडीस खेटून एकदम ब्रेक दाबणारा चालक तीच शक्ति घर्षणाच्या उष्णतेंत दवडतो. यास्तव अंतर राखावें, ब्रेक आधींपासून हलका दाबावा, वातानुकूलनही बेतानें वापरावें. विद्यार्थिमित्रहो, यंत्र साह्य करील. संयम मात्र चालविणाऱ्यानेंच शिकला पाहिजे.