फाइल अडते कुठे?
लग्नसराईत नागपूरच्या बर्डीवरच्या एका छपाईवाल्याकडे बसलो होतो. अल्बमचे फोटो शेजारच्या संगणकावर जायला पाऊण तास लागत होता आणि दुकानातला पोरगा वैतागून अँटीव्हायरस कायमचाच काढायला निघाला होता. त्याला थांबवलं. फाइल वाचली जाताना पाठवणाऱ्या संगणकावरचा अँटीव्हायरस ती तपासू शकतो, लिहिली जाताना घेणाऱ्यावरचाही. हजारो फोटो असले की प्रत्येकामागे हा खोळंबा होतो, म्हणून तेवढ्याच आकाराची एकच फाइल भरभर जाते. आधी दोष या तपासणीतच आहे का ते पाहायचं: इंटरनेट तोडून, दोन मिनिटं तपासणी थांबवून तोच फोल्डर पुन्हा पाठवायचा. वेग तेवढाच राहिला तर केबल आणि स्विच बघा. १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचमधून सेकंदाला साधारण १२ एमबीच्या वर काही जात नाही. वेग वाढला तर नेटवर्क ड्राइव्हची तपासणी एका टोकाला बंद करा, फोटो साठतात त्या संगणकावरची चालू ठेवा. अँटीव्हायरसच काढून टाकणं मला अजिबात मान्य नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम याच फाइल शेअरिंगच्या वाटेने जगभर पसरला आणि जूनमध्ये नॉटपेट्या या तशाच प्रोग्रामच्या हल्ल्याने आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. इथे तर कितीतरी घरांची लग्नं एकाच डिस्कवर होती. दुसरी प्रत कुठे आहे विचारलं, तर पोरगा गप्प झाला. त्याच संध्याकाळी बाहेरची डिस्क आणायला लावली.