पक्षिमित्रांचे दप्तर

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी, सुरू होणारा पक्षिसप्ताह १२ तारखेच्या सालिम अली जयंतीला संपतो. त्या आठवड्यात नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्या हौशी मंडळींना तोटा नसतो. एप्रिलच्या उन्हात नोंदवही घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर चढणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. सहलीला चाळीस आणि कामाला चार, हे प्रमाण निसर्गप्रेमी मंडळांच्या चालकांना नित्य सतावते आणि त्याचे खापर ते बहुधा तरुणांच्या उथळपणावर फोडून मोकळे होतात. हे निदान बरोबर नाही.

मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच दाखवून दिले होते, की सामूहिक प्रयत्नाचे फळ सर्वांनाच आपोआप मिळणार असेल, तर मोठ्या गटातील माणूस स्वतःचा हात आखडता घेतो. पाणथळ जागा राखली गेली तर ती सर्वांसाठीच राहते. चक्रवाक काही वर्गणीची पावती पाहून दर्शन देत नाही. लहान गटात मात्र कोण आला नाही हे लगेच कळते. तेव्हा दोनशे नावांची यादी मिरवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीकडे एकच तळे किंवा नदीकाठाचा एकच टप्पा वर्षभर सोपवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. आपल्या वाट्याच्या पाण्यावर थापट्या बदके यंदा उशिरा का उतरली, हा प्रश्न ज्याला पडला त्याला पुढच्या रविवारी आमंत्रण धाडावे लागत नाही.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला तो शेतीसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. त्यामागे गाळ साचला, उथळ पाणी व बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले व २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. परंतु पाटाच्या आवर्तनाबरोबर पाण्याची पातळी आजही वरखाली होते. ज्या गाळामुळे शेतकऱ्याचे पाणी घटते त्याच गाळावर पाणपक्ष्यांचे पोट भरते. किती पाणी राखावे, गाळ कोठला काढावा, असे प्रश्न जेव्हा निघतात तेव्हा भावनेला किंमत नसते. सलग दहा वर्षांच्या नोंदींना असते. मधली तीन वर्षे कोरी असलेली वही पुढे करणाऱ्याची बाजू लंगडीच पडणार.

कायद्याने तर या मंडळांना जागाही दिली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' ही नवी तरतूद आणली. त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींबरोबर वन्यजीव संरक्षणाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात. राज्यातील असे पहिले क्षेत्र २००८ मध्ये नाशिकजवळच बोरगडला जाहीर झाले. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हाती आकडे नसतील तर तो सभेच्या चहाचा वाटेकरी तेवढा ठरतो.

दुखणे येथेच आहे. बहुतेक मंडळे एका उत्साही गृहस्थाभोवती उभी राहतात. त्यांची बदली झाली, डोळे अधू झाले, की नोंदवह्या त्यांच्या ट्रंकेत जातात आणि मंडळ छायाचित्रांपुरते उरते. (उत्तम कॅमेरा असलेला सभासद तारीख व संख्या लिहून देण्यास मात्र नेहमीच कंटाळतो.) मुंबईत १८८३ मध्ये अवघ्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. तिने तीन वर्षांत नियतकालिक सुरू केले आणि सभासदांच्या वह्यांतील माहिती छापील होऊन सर्वांची झाली. संस्थापक गेले, संस्था राहिली.

शिक्षक व कारकून यांची खरी गरज आहे ती या ठिकाणी. पक्ष्यांची शंभर नावे पाठ असणारा सभासद सहज मिळतो. आवक-जावक ठेवणारा, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवणारा मिळत नाही. विद्यार्थी परीक्षेनंतर गाव सोडणार हे गृहीत धरून त्याने जाण्यापूर्वी आपले तळे दुसऱ्याला हजर राहून दाखवावे, असा साधा नियम हवा. शिवाय चापडगावचे जे तरुण वाटाडे म्हणून काम करतात, त्यांना मंडळाने सभासद करून घ्यावे आणि काही सभा त्यांच्या गावी भरवाव्यात. बाराही महिने पाण्याकाठी असणारे तेच आहेत.

आणि वर्षाअखेर नोंदवहीची एक प्रत मंडळाबाहेर ठेवावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तके सांभाळत आले आहे. पाणपक्ष्यांच्या आशियाई गणनेचा जानेवारी महिना आटोपल्यावर, फेब्रुवारीत, ती प्रत तेथे नेऊन देण्याचे काम एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाकडे सोपवता येईल.