तालमीत न शिकवलेला डाव

कोल्हापूरला बळाची उपासना नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी नांदल्या. मर्दानी खेळांत लाठी व दांडपट्टा आजही शिकविला जातो. याच शहरात ७ जून २०२३ रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जमाव बिथरला व दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाजवळच्या गजापुरात निरपराधांची घरे व मशीद फोडण्यात आली. कमावलेल्या शरीरांची या जिल्ह्यात वाण नव्हती. बिथरू लागलेल्या जमावाशी बोलावे कसे, हे मात्र आपल्या संघटनांनी कार्यकर्त्यांना पद्धतशीरपणे कधी शिकविले?

प्रश्न केवळ दंगलीचा नाही. रुग्ण दगावल्यावर नातलगांच्या गराड्यात सापडलेली परिचारिका, सुट्ट्या पैशांवरून अंगावर धावून येणाऱ्या प्रवाशापुढचा एस.टी.चा वाहक, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून उशिरा निघणारी कामगार स्त्री, यांना हा प्रसंग रोजचा आहे. समोरच्याचा संताप उतरविण्याची विद्या शिकता येते. आवाज खाली ठेवावा, दोन हात अंतर राखून किंचित तिरके उभे राहावे, त्याच्या अंगाला हात लावू नये, त्याची व आपली निघण्याची वाट मोकळी असावी. शक्य तर त्याला बघ्यांपासून बाजूला घ्यावे, कारण चारचौघांत माघार घेणे कोणालाही जड जाते. ‘शांत व्हा’ म्हटल्याने बहुधा आगीत तेलच पडते. ‘काय झाले ते मला सांगा’ म्हटले की माणूस निदान बोलू लागतो. हे वाचायला सोपे आहे. ऐन वेळी घसा कोरडा पडतो, म्हणून एकाने संतप्त नातलग व्हावे, दुसऱ्याने परिचारिका, आणि जोर-बैठकांसारखा त्याचा रोज सराव करावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर पकड सोडवून निसटणे यावे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतात. मात्र बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. ही मर्यादा कार्यकर्त्याला पाठ हवी.

मालकवर्ग अशा शिबिरांचे आनंदाने स्वागत करील, आणि तेथेच सावध राहिले पाहिजे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती न नेमता स्त्रियांना दोन डाव शिकवून मोकळे होणे ही शुद्ध पळवाट होय. पहारेकरी, दिवे, घरी पोहोचविणारी गाडी या मागण्या कामगार संघटनांनी तिळमात्र सैल करू नयेत.

या विद्येला मर्यादाही आहेत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या कॉ. गोविंद पानसरे व उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. ठरवून आलेल्या मारेकऱ्यापुढे कोणतेही शिबिर कामाचे नाही. तेथे तपास व न्याय यांचाच आग्रह धरावा लागतो.

राष्ट्र सेवा दलाने १९४१पासून तरुणांना शिस्त व कवायत दिली. त्याच शाखांतून, आणि तयार असतील त्या तालमींतून, हे शिक्षण सुरू करता येईल. पकड सोडविणे वस्ताद शिकवतील. बोलणे शिकवायला मात्र वक्ते बोलावू नयेत. वीस वर्षे गर्दीच्या गाडीत तिकिटे फाडलेला वाहक बोलवावा.